ओढाताणीच्या महिन्यात स्वतःसाठी पैसे ठेवायचे का, आणि ठेवायचे तर कशातून?

प्रश्न सांगलीतल्या एका ताईंचा आहे. यजमान कुपवाड एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये कामाला. दिवाळीपासून ओव्हरटाइम बंद झाला, आणि महिन्याला २६,००० हातात यायचे ते १७,००० वर आले. ताई घरी ब्लाउज शिवतात. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे सध्या ५,५०० च्या आसपास सुटतात. घरात सासूबाई, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा. ताई लिहितात, "मी स्वतःवरचा सगळा खर्च बंद केलाय. परवा सासूबाईंच्या गोळ्या आणायला गेले तेव्हा बेकरीत एक पॅटीस आणि चहा घेतला. चाळीस रुपये गेले. घरी सांगितलं नाही, पण रात्रभर तेच डोक्यात. तिकडे ह्यांनी न विचारता १,४०० चे बूट मागवले, तेही हप्त्यावर. एवढ्या तंगीत स्वतःसाठी काही ठेवावं का? ठेवायचं तर कशातून? आणि संक्रांतीच्या वाणाचं काय करू?" सोबत त्यांनी महिन्याच्या खर्चाची यादीही पाठवली आहे.

ताई, ठेवावं. रक्कम लहान, पण महिन्याच्या सुरुवातीलाच बाजूला काढलेली, आणि कुठे गेली हे कुणी विचारायचं नाही अशी. मी बरीच वर्षं पतसंस्थेच्या कर्ज विभागात होते, आणि आता बचत गटातल्या बायकांसोबत घरखर्चाचे हिशोब घेऊन बसते. थकबाकीत गेलेली घरं जवळून पाहिली. चहा-पॅटिसामुळे थकबाकीत गेलेलं घर त्यात एकही नव्हतं. घरं बुडतात ती एका हप्त्यावर दुसरा हप्ता घेतल्यामुळे, दवाखान्यामुळे आणि लग्नकार्यामुळे. पण पैसे कमी पडले की सगळ्यात आधी कात्री लागते ती बाईच्या चहाला, कारण त्याबद्दल भांडायला कुणी येत नाही.

कात्री लावून शून्य केलं तरी शून्य राहत नाही, हे तुमच्याच घरात दिसतंय. तुम्ही दोन-अडीच महिने काही घेतलं नाही आणि मग चाळीस रुपयांची चोरी केल्यासारखं वाटलं. यजमानांनीही बहुधा तेवढेच दिवस काही घेतलं नाही, आणि एका रात्री मोबाईलवर १,४०० चे बूट मागवले. दोन्ही एकाच मुळाचं आहे. फक्त तुमचं चाळिसात निभावलं, त्यांचं चौदाशेवर गेलं. बुटांवरून त्यांना बोलू नका. आठ तास मशीनपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला बूट लागतात. बोलायचं असेल तर 'हप्त्यावर का' एवढंच बोला, आणि तेही जेवताना नको.

आता यादी. भाडं ५,०००. किराणा, तेल, गॅस मिळून ६,५००. दूध-भाजी ३,०००. वीज आणि तीन मोबाईलचे रिचार्ज १,१००. सासूबाईंची औषधं १,२००. मुलांचं ट्यूशन, वह्या, रिक्षा १,८००. पेट्रोल १,२००. गाडीचा हप्ता २,६००. बायकांच्या गटाचं फायनान्सचं कर्ज, आठवड्याला ४५० म्हणून १,८००. भिशी १,०००. बेरीज २५,२००. घरात येतात २२,५००. म्हणजे दर महिन्याला २,७०० चा खड्डा, आणि तो तुम्ही सध्या माहेरच्या हातउसन्यांतून आणि दुकानदाराच्या उधारीवर बुजवताय, हे तुम्ही लिहिलं नसलं तरी मी धरून चालते.

यादी प्रामाणिक आहे, पण अपुरी आहे. गटाचा हप्ता आठवड्याला असतो आणि वर्षाचे आठवडे ५२, म्हणजे चार महिने असे येतात की ज्यात पाच हप्ते पडतात. त्या महिन्यात १,८०० चे २,२५० होतात, आणि बाई म्हणते 'या महिन्यात कसे काय कमी पडले कुणास ठाऊक'. कॅलेंडर काढा आणि पाच वारांचे महिने आत्ताच पेनाने गोल करून ठेवा. दुसरं, यादीत आहेर नाही. गाडीची सर्व्हिसिंग नाही, मुलांचा ताप-खोकला नाही, सणही नाही. बहुतेक घरांच्या यादीत ही खाती नसतात, कारण ती दर महिन्याला येत नाहीत. पण वर्षाला येतातच.

किती ठेवायचं याचा माझा आडाखा असा. चांगल्या दिवसांत घरात येणाऱ्या पैशाच्या पाच टक्क्यांपर्यंत, तंगीत दोन ते तीन टक्के. तुमच्या बाबतीत ६५० रुपये, म्हणजे तीन टक्क्यांच्या आत. त्यातले १५० तुमचे, १५० यजमानांचे, १५० सासूबाईंचे. राहिलेले २०० सगळ्यांचे मिळून, आणि ते कशावर खर्च करायचे हे पोरांनी ठरवायचं. तिघांचे पैसे सारखेच. कमावणाऱ्याला जास्त आणि घरात बसणाऱ्याला कमी असा भेद इथे केला, की ते स्वतःचे पैसे राहत नाहीत, बक्षीस होतं. सासूबाईंचे दीडशे त्यांच्या हातात द्या. त्यांनी ते नातवाला दिले, देवळात टाकले, कनवटीला बांधून ठेवले, तरी विचारायचं नाही.

हे पैसे नोटांत काढा, दहा-वीसच्या. स्कॅन करून दिलेले वीस रुपये गेल्याचं कळतच नाही, आणि महिनाअखेर पासबुकात पन्नास ओळी दिसल्या की प्रत्येक ओळीवर चर्चा सुरू होते. ब्लाउजपीसच्या उरलेल्या कापडाची तीन छोटी पाकिटं शिवा, तुम्हाला पंधरा मिनिटांचं काम आहे. पगार झाल्या दिवशी त्यात नोटा घाला. संपले की संपले, पुढच्या महिन्यापर्यंत नाही. उरले तर पुढे जातात, कुणी परत मागायचे नाहीत. डाळीच्या डब्यात पैसे लपवायची आपल्या बायकांची पद्धत जुनी आहे, पण लपवलेल्या पैशाला धास्ती चिकटलेली असते आणि ते शेवटी घरच्याच अडचणीला बाहेर पडतात. पाकीट सगळ्यांच्या समोर असू द्या.

महिन्यातून एकदाच ठरवायचं, यालाही कारण आहे. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांवर केलेला एक अभ्यास २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. त्याच शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी, पैशाची चणचण असताना, आणि तोडणीनंतर पैसे हातात आल्यावर बुद्धीची कोडी दिली. माणसं तीच, पण चणचणीत त्यांची उत्तरं वाईट आली. वाळवा, पलूस, कराड या उसाच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. उसाचं बिल अडकलेलं असताना माणूस साधी बेरीज चुकतो, सही करताना कागद वाचत नाही. डोकं आधीच थकलेलं असताना 'आज चहा घेऊ का नको' हा वाद रोज घालत बसलात, तर मोठ्या गोष्टींना डोकं उरणार नाही. आणि मोठ्या गोष्टी तुमच्या यादीत आहेत.

तर आता २,७०० चा खड्डा आणि वरचे ६५०, असे ३,३५० कुठून काढायचे ते बघू.

भिशीपासून सुरुवात करा. नंबर लागून पैसे उचलले असतील तर हप्ता भरावाच लागेल, तिथे सुटका नाही आणि मागूही नये. अजून उचलली नसेल, तर चालवणाऱ्या बाईंशी उघड बोला आणि पुढचा नंबर मागा, किंवा तुमच्या जागी दुसरी कुणी येते का बघा. लिलावाची भिशी असेल, म्हणजे जी कमी पैसे घ्यायला तयार होते तिला आधी उचल मिळते अशी, तर तोटा सोसून उचलायच्या फंदात पडू नका. तुमची साधी आहे आणि उचललेली नाही असं धरते. तुमच्या जागी कुणी आलं तर १,००० मोकळे होतात. तंगीत कर्ज काढून बचत करणं हा आपल्याकडचा लाडका घोळ आहे. गटाचं कर्ज व्याजाने भरायचं, आणि शेजारी बिनव्याजी भिशी भरायची.

औषधांत साडेचारशे तरी निघावेत. सासूबाईंना बीपी आणि शुगर आहे म्हणता. डॉक्टरांना सांगा की गोळीचं मूळ नाव लिहून द्या. टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपीन, मेटफॉर्मिन अशी ती नावं असतात. जनऔषधी केंद्रात त्याच घटकाच्या गोळ्या पुष्कळ स्वस्त मिळतात. महापालिकेच्या आरोग्य केंद्रातही बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्यांची चौकशी करा. फक्त डॉक्टरांना न विचारता गोळी बदलू नका, आणि पैसे वाचवायला एक दिवसाआड गोळी देणं तर अजिबात नको. ते फार घरांत चालतं. नंतर मिरजेच्या एखाद्या मोठ्या दवाखान्यात एका रात्रीत त्याची सव्याज वसुली होते.

पेट्रोलचे ५०० वाचवायचे असतील तर यजमानांनी आपल्याच पाळीतल्या, आपल्याच रस्त्यावरच्या एका माणसाशी जोडी करावी. एक आठवडा याची गाडी, एक आठवडा त्याची. सासूबाईंच्या फोनला इंटरनेटचा रिचार्ज लागत नसेल तर तिथे दीडशे. इथवर २,१०० झाले.

गाडीचा हप्ता जरा अवघड प्रकरण आहे. हप्ता चुकायच्या आधी फायनान्स कंपनीच्या ऑफिसात जा, पगार कमी झाल्याचं पत्र किंवा पगाराच्या पावत्या दाखवा, आणि लेखी अर्ज द्या की मुदत वाढवून हप्ता कमी करावा. ते ऐकतीलच असं नाही, त्यांच्यावर बंधन नाही, आणि ऐकलं तर एकूण व्याज थोडं वाढेल. पण चुकायच्या आधी येणारा माणूस आणि चुकल्यावर फोन न उचलणारा माणूस यांच्याशी टेबलापलीकडचा वेगळं वागतो, हे त्या टेबलामागे बसलेली बाई सांगते आहे. हप्ता बाउन्स झाला की बँक वेगळा दंड लावते आणि कर्ज देणारा वेगळा. एका बाउन्समध्ये तुमचे चार महिन्यांचे दीडशे जातात. २,६०० चा हप्ता १,७०० वर आला तर ९०० सुटले. एकूण ३,०००.

उरले ३५०. महिन्याला तुम्ही पस्तीसेक ब्लाउज शिवता. दर दहा रुपयांनी वाढवा. तुम्ही दर कधी वाढवला होता ते आठवा. दोरा, अस्तर, हुक, सगळं महागलं असताना तुमचा दर तोच आहे, आणि गिऱ्हाईक ओळखीचं म्हणून तुम्ही बोलत नाही. स्वतःची काळजी घेणं म्हणजे काय असं कुणी मला विचारलं, तर हा दहा रुपयांचा विषय मी पॅटिसाच्या आधी काढेन. रथसप्तमीनंतर लग्नाची कामं यायला लागतील. नवा दर आत्ताच पाटीवर लिहून मशीनच्या वर लावा. पाटी असली की तोंडाने सांगावं लागत नाही.

लग्नसराईत तुमचे आठ-नऊ हजार होतात असं लिहिलंय. ती वरची रक्कम यादीत नसलेल्या खात्यांसाठी ठेवा. पाच हप्त्यांचे महिने, आहेर, तापाचा दवाखाना, सर्व्हिसिंग. ती रोजच्या खर्चात मिसळू देऊ नका, आणि सहाशे पन्नासही वाढवू नका.

आहेराबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण लग्नसराईत सगळी कमाई तिथेच जाते. आपल्याकडे पाकिटात किती घालायचे हे त्यांनी आपल्याला किती घातले होते यावर ठरतं, आणि वही काढून बघणारी घरं आहेत. या वर्षी भाऊबंदकी आणि अगदी जवळचे सोडले तर १०१ चं पाकीट न्या, जाऊन काम करा, पंगतीत वाढा. ज्याला नावं ठेवायची तो ५०१ लाही ठेवतो. माहेरच्यांशी मात्र आधीच बोलून ठेवा, 'या वर्षी आमचं असं आहे'. माणसाला रकमेपेक्षा अनपेक्षितपणाचा राग जास्त येतो.

वाणाचं तसंच. चाळीस बायकांना पंधरा रुपयांची प्लास्टिकची वाटी म्हणजे ६०० रुपये, आणि ती वाटी कुणाच्याच घरी वापरात नसते. तुमच्याकडे कापडाचे तुकडे पोतंभर पडले असतील. त्यांचे सुट्ट्या पैशांचे बटवे शिवा, खण किंवा काठाचं कापड वर लावून. हळदी-कुंकवाला रथसप्तमीपर्यंत वेळ असतो, रोज चार शिवले तरी होतात. आणि प्रत्येक बटव्यात तुमच्या फोन नंबरची चिठ्ठी घाला, 'ब्लाउज शिवून मिळेल'. मग ते वाणही झालं आणि जाहिरातही.

आता हे पैसे कशावर घालायचे. ते मी सांगणं म्हणजे पाकिटाचा हिशोब मागण्यासारखंच आहे, पण काय टिकतं आणि काय नाही एवढं सांगते. महिन्यातून एकदा दीडशेचं काही घेण्यापेक्षा आठवड्याला पस्तीस-चाळीसचं घेतलेलं जास्त पुरतं, कारण मधले सहा दिवस त्याची वाट बघण्यातही मजा असते. वार ठरवा. मग बेकरीतला चहा बुधवारचा चहा होतो, चोरी राहत नाही. कुणी वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी घेतं, कुणी गजरा, कुणी गुऱ्हाळावर बसून रस पितं, कुणी भडंगाचं पुडकं एकटीने संपवतं. ते एकटीने संपवणंही त्यातच धरलेलं आहे. बाईने आणलेलं खाऊ घरात आलं की त्याचे पाच वाटे होतात आणि तिच्या वाट्याला कागद येतो. पाचांसाठी २०० वेगळे ठेवलेत ते याचसाठी.

'आनंदाला पैसे कशाला लागतात, कृष्णेच्या घाटावर जाऊन बसा, गणपतीला जा, आमराईत फिरा' असा सल्ला देणारेही भेटतील. घाट छान आहे, मीही जाते. वाचनालयाची वर्गणी लावली तर त्याइतकी स्वस्त करमणूक नाही, आणि नवरात्रात मिरजेला अंबाबाईच्या देवळात मोठमोठ्या गवयांचं गाणं फुकट ऐकायला मिळतं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना तर प्रवास मोफत. सासूबाईंना घेऊन औदुंबरला जाऊन यायला फार लागत नाही. हे सगळं करा. पण ज्या बाईला भेळ खायची आहे तिला सूर्यास्त दाखवू नये. गरिबाने फुकटातच खूश व्हावं ही अपेक्षा पोट भरलेल्या माणसाची असते.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, आणि ओसरल्यावर घराघरांतून चिखल उपसायचं काम सुरू झालं. एका घरी मी मदतीला गेले होते. कपाट, गाद्या, धान्य, सगळं गेलेलं. त्या घरच्या वहिनींनी मदतीच्या पैशांतून पहिल्याच आठवड्यात एक आरसा आणि पावडरचा डबा आणला. जाऊबाई म्हणाल्या, "खायला ताट नाही आणि हिला आरसा सुचतोय." वहिनींनी आरसा खिळ्याला लावला, चिखलाचे ओघळ उतरलेल्या भिंतीवर, आणि त्या दिवसापासून रोज सकाळी केस विंचरून मग फावडं हातात घेतलं. पैसे किती गेले असतील? दोनशेच्या आतच. मला तो खर्च त्या महिन्यातला सगळ्यात शहाणा वाटला होता, आणि मी तसं जाऊबाईंना सांगितलंही. त्यांना पटलं नाही.

आता या ६५० मध्ये काय बसवायचं नाही. दाढ दुखतेय म्हणून तुम्ही एका बाजूने चावताय, चश्म्याचा नंबर वाढलाय आणि सुईत दोरा मुलगी ओवून देते, पाळीच्या दिवसांत पॅड पुरवून वापरता, असं काही असेल तर तो लाड नाही, दवाखान्याचा आणि किराण्याचा खर्च आहे. किराण्याच्या यादीत पॅड लिहा, तेलाच्या खालच्या ओळीत. डोळे तर तुमचं भांडवल आहेत. शिवणाऱ्या बाईने चश्मा लांबवणं हे दुकानदाराने शटर अर्धं खाली ठेवण्यासारखं आहे. यजमान तंबाखू-सुपारीचा मावा खात असतील, कारण कारखान्यात तो पुष्कळांना असतो, तर तोही या पाकिटात घालू नका. रोज वीस रुपये धरले तरी महिन्याचे ६०० तिथेच जातात. तो वेगळा विषय आहे. आधी तो खर्च यादीत लिहायला लावा. आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला की पुढचं बोलणं सोपं जातं.

हप्त्यावर कसलीही चैन नको. 'विनाव्याज हप्ता' म्हणून दाखवतात त्यात प्रक्रिया शुल्क असतं किंवा सूट गेलेली असते, आणि मुख्य म्हणजे पुढच्या तीन महिन्यांचे दीडशे आजच खाऊन टाकलेले असतात. रात्री दहानंतर मोबाईलवर काही मागवायचं नाही, सकाळी चहा झाल्यावर मागवायचं, एवढा एक नियम घरात लावलात तरी निम्म्या गोष्टी मागवल्या जाणार नाहीत. गटाच्या फायनान्सवाला 'ताई, तुमचं खातं चांगलं आहे, वरून अजून तीस हजार घ्या' म्हणेल. नको म्हणा. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून अशा कर्जांना मर्यादा घातली आहे, की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपुढे जाऊ नयेत. पण ती मर्यादा देणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्याने तिशीच्या आत राहावं. तुम्ही सध्या विशीच्या आसपास आहात, तिथेच थांबा. आणि एखाद्या आठवड्याचा हप्ता राहिलाच, तर या कर्जांच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करायला किंवा दारात यायला परवानगी नाही, हे माहीत असू द्या.

बँकेतून वर्षाला ४३६ आणि २० रुपये कापले जातात, जीवनज्योती आणि सुरक्षा विम्याचे. ते बंद करून पाकिटात घालायची कल्पना कुणी सुचवली तर ऐकू नका. मे अखेर खात्यात तेवढी शिल्लक ठेवा. ज्या घरात कमावणारा एकच आहे तिथे ४५६ रुपयांत याहून स्वस्त काही मिळत नाही.

ज्यांचं उत्पन्न महिन्याचं नसून हंगामाचं आहे, म्हणजे ऊस, द्राक्ष, बेदाणा, हळद, त्यांनी हेच गणित वर्षाचं मांडावं. कायद्याप्रमाणे ऊस घातल्यावर १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदराचे, पैसे मिळायला हवेत. प्रत्यक्षात कधी तुकड्यांनी येतात, कधी उशिरा. पहिलं बिल आलं की सोसायटीचं कर्ज भागतं, दुकानदार भागतो, आणि घरच्या बाईच्या हाती जूनमध्ये काहीच नसतं. बिल आल्या दिवशी बारा पाकिटं भरून ठेवली तर जून-जुलैचं पाकीटही भरलेलं असतं. ज्या घरांत लाडकी बहीणचे १,५०० येतात तिथेही त्यातले शंभर-दीडशे आधी बाजूला काढावेत. नाहीतर खात्यात आलेले पैसे कुठल्या हप्त्यात गेले हे त्या बहिणीला कळतसुद्धा नाही.

आणखी एक. तुम्ही लिहिलंय की रात्रभर ते डोक्यात होतं. एखादी रात्र असेल तर ठीक. पण रोजच झोप उडत असेल, जेवण जात नसेल, मशीनवर बसावंसंच वाटत नसेल, किंवा यजमान घुमे झाले असतील, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलत असतील, तर ते दीडशे रुपयांनी भागणारं नाही. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा नंबर आहे, सरकारी, मोफत, चोवीस तास चालू, मराठीतही बोलतात. ओव्हरटाइम गेलेल्या पुरुषाला हा नंबर बायकोने दिला तर राग येतो. सोबत काम करणाऱ्या मित्राकडून द्यायला लावा.

यजमान हिशोबाला बसायला तयार नसतील, आणि बहुतेक नसतात, तर यादी घेऊन समोर बसू नका. पगाराच्या दिवशी त्यांच्या हातात त्यांचं पाकीट द्या आणि सांगा, 'हे तुमचे, विचारणार नाही.' पैसे मागण्याऐवजी द्यायला आलेली बायको बघून माणूस जरा थांबतो. पेट्रोलच्या जोडीचा आणि गाडीच्या अर्जाचा विषय त्याच संध्याकाळी काढा.

पाडव्यापर्यंत ओव्हरटाइम पुन्हा सुरू झाला, तर पहिल्या जादा पैशातून माहेरचे हातउसने आणि दुकानदाराची उधारी मिटवा. दुसऱ्या महिन्यापासून गटाच्या कर्जाचे हप्ते लवकर संपवता येतात का ते ऑफिसात विचारा, आणि मुदतीआधी भरायला काही शुल्क लागतं का तेही. ६५० चे ८०० तिसऱ्या महिन्यानंतर करा. भिशी पुन्हा लावायची की नाही ते गटाचं कर्ज फिटल्यावर बघू.